निरोपाचे विडे

मोरोपंतांना कुणी "पंत, तुम्ही करता तरी काय?" असं विचारलं, की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. अहो, वकील माणूस काय करणार? वकिली! पण दिवसच असे फिरले होते, की वकील म्हणजे कोण हे लोक विसरून गेले होते. अमरावतीत साहेबाची नवी कचेरी झाली होती आणि तिथं दावे भांडणाऱ्या माणसाला वकील म्हणायची रीत पडली होती. पंत त्यातले नव्हते. ते थोरल्या देशमुखांचे वकील, एलिचपूरच्या नवाबाच्या दरबारातले. देशमुखांचं बोलणं तिकडं न्यायचं, तिकडचं इकडं आणायचं आणि वाटेत एक शब्द सांडू द्यायचा नाही. उभी जवानी त्यातच गेली.

"हरकारा निरोप नेतो," ओसरीवर बसून ते ऐकणाऱ्याला सांगत आणि न ऐकणाऱ्यालाही सांगत, "वकील बोलणं नेतो, आणि मुखत्यार धन्याचा शब्दच बरोबर घेऊन जातो. मुखत्यारानं हो म्हटलं की धन्यानं हो म्हटलं! तिघांना एका दावणीला बांधाल तर याद राखा."

आता बांधायला होतं कोण! वऱ्हाड इंग्रजाकडं गेलं, देशमुखांची वसुली बंद झाली, दरबार ओस पडला आणि थोरले देशमुखही वारले. हत्ती गेला नि शेपूट राहिलं, ते शेपूट म्हणजे आमचे मोरोपंत. त्यात हे कापसाचं वेड. सातासमुद्रापार कुठं तरी गोरे गोऱ्यांशी लढत होते, म्हणून आपल्या काळ्या मातीतल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. थोरल्यांचे धाकटे भाऊ महादेवराव आता घर चालवत. त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली होती आणि त्यांचा सगळा दिवस कापसाच्या बाजारात जाई. पंतांना ते घराबाहेर काढत नव्हते, एवढंच. येता-जाता "काय पंत, बरं हाये ना?" म्हणत आणि उत्तर ऐकायला थांबत नसत.

पंतांना अजून वकील समजणारं एकच माणूस त्या घरात उरलं होतं, थोरल्यांची विधवा गोदाबाई. आश्विनातल्या एका सकाळी त्यांनी पंतांना माजघराच्या दाराशी बोलावून घेतलं. बाई खाटेवर होत्या. पावसाळ्यात धरलेला खोकला सुटला नव्हता आणि आता दोन शब्द बोलल्या की धाप लागत होती.

"पंत, माह्या वच्छलेले घेऊन या."

वच्छला म्हणजे गोदाबाईंची एकुलती एक लेक. तिला हिवरखेडला दिलेलं, चंद्रभानजी देशमुखांच्या घरी. सासुरवाशिणीला दिवाळीला माहेरी आणायला मुराळी जावा लागतो आणि तो घरचाच लागतो. भाऊ हवा, नाही तर चुलता तरी हवा. वच्छलेला भाऊ नाही. चुलता महादेवराव, पण ऐन दिवाळीत कापूस निघतो, त्यांना सवड कुठली? दर साली ते कुणाला तरी पाठवायचे, कधी अडतीवरचा मुनीम, कधी नुसता गाडीवान, आणि चंद्रभानजी त्याला गूळपाणी देऊन तस्सा परत लावायचे. "देशमुखाची सून मुनिमाच्या मागं जात नसते," म्हणून. तीन दिवाळ्या पोरीनं माहेरचा उंबरा पाहिला नव्हता. इकडं आई झुरत होती, तिकडं लेक झुरत होती, आणि मधल्या मध्ये कापूस तेवढा खुशाल होता.

"बाईसाहेब, मीही घरचा नाही," पंत म्हणाले. "मला तरी ते का दाद देतील?"

"तुमी नवाबाच्या तोंडातून होकार काढून आनत होते," गोदाबाई म्हणाल्या. "आता माहे वकील व्हा. वकील काहून, मुखत्यारच व्हा. तुमी ठरवान ते मले कबूल. पन माह्या पोरीले आना."

पंतांचे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगा, अर्धे बाईंच्या धापेनं भरले आणि अर्धे त्या मुखत्यारीनं.

"एक ध्यानात ठेवा," बाई दम खाऊन म्हणाल्या. "मी आजारी हाये हे तिथं बोलू नका. आजाराचं नाव काढलं की लोक पटकी समजतात. मंग पोरीले कोनी धाडत नाही. आन तिलेही नका सांगू. दिवाळीले येऊन राहिली, हासत येऊ द्या. पन लवकर या, पंत."

"शब्द आहे माझा," पंत म्हणाले आणि तिथूनच मनातल्या मनात मुलाखतीचं भाषण जुळवायला लागले.

छप्पर घातलेली दमणी जुंपली. पंतांनी पेटीतली पगडी काढली, थोरल्यांनी दिलेली शाल काढली, कसरीनं खाल्लेली किनार आत दुमडून अंगावर घेतली. वाटेत दोन्ही अंगांना बोंडं फुटून शेतं पांढरी झाली होती. तिकडं ढुंकूनही न पाहता हा गृहस्थ गाडीत बसून हात हलवत भाषण घोकत होता. पूर्णा ओलांडली, दर्यापूर गेलं, अकोट गेलं. गाडीवानाला वाटलं, म्हाताऱ्याला वारं लागलं.

आता हिवरखेडचे चंद्रभानजी. एकाच माळेचे मणी! परगण्याची देशमुखी त्यांच्याकडं होती तेव्हा त्यांच्या शब्दावर पाटील-कुळकर्णी पळायचे. आता त्यांच्या हुकमानं घरातलं मांजरही उठत नव्हतं. शेती मुलगा रामराव बघायचा, म्हणजे वच्छलेचा नवरा, आणि तो कापसाच्या गाड्या घेऊन खामगावला गेला होता. म्हातारा एकटा ओसरीवर लोडाला टेकून बसे आणि रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांकडं पाहत राही. अशा माणसाच्या दारात एके दिवशी दमणी थांबते, आतून शाल पांघरलेला माणूस उतरतो, कमरेत वाकून मुजरा करतो आणि म्हणतो, "अमरावतीकर देशमुखांकडील वकील मोरोपंत, मुखत्यारीनं मुलाखतीस हजर आहेत!"

चंद्रभानजी ताडकन उभे राहिले. त्यांचा चेहरा असा काही उजळला, की काय सांगू बापा!

"नत्थुजी!" त्यांनी हाक मारली. नत्थुजी त्यांचा जुना चोपदार, पण तो कापूस वेचायला गेला होता. माणूस धाडून त्याला शेतातून आणला, अंगावरचा कापूस झटकला, डोक्याला लाल पागोटं गुंडाळलं, हातात चांदीच्या मुठीची काठी दिली. गादी घातली. अत्तरदाणी काढली. तिच्यातलं अत्तर कधीच उडून गेलं होतं. चंद्रभानजींनी नुसता कोरडा फाया पंतांच्या मनगटावर फिरवला आणि दोघांनीही डोळे मिटून "वा!" म्हटलं.

"मुराळी म्हणजे भाऊ असते, पंत," चंद्रभानजींनी सुरुवात केली. "तुमी पोरीचे कोन?"

"सरकार, भाऊ आला असता तर नात्यानं आला असता. मी आईच्या शब्दानं आलो आहे. नातं वडील की शब्द वडील, हे आपणच सांगावं."

चंद्रभानजींनी मांडीवर थाप मारली. "वाहवा! याले म्हनतात वकील! जा, धाडतो सुनेले. दिवाळी करा, भाऊबीज करा, तुळशीचं लगन झालं की आनून पोचवा. वेचनाऱ्या बायांचा राबता हाये, घरात सून पाह्यजे."

झालं की हो काम! पहिल्याच संध्याकाळी! दुसरा कुणी असता तर पाय धरून त्याच पावली गाडी जुंपली असती. पण मोरोपंत पडले वकील. पहिल्या होकाराला मान तुकवायची ती हरकाऱ्यानं. वकिलानं तसं केलं तर दरबारात हसं होतं. त्यांनी शाल सारखी केली, घसा साफ केला आणि म्हणाले, "सरकार, तुळशीच्या लग्नापर्यंत म्हणजे लेक आली कधी नि गेली कधी. तीन दिवाळ्यांची भूक आहे. चंपाषष्ठीपर्यंत राहू द्यावी."

चंपाषष्ठी म्हणजे मार्गशीर्ष! चंद्रभानजींनी भुवया चढवल्या, पण आतून त्यांना गुदगुल्या झाल्या. किती वर्षांत त्यांच्याकडं कुणी काही मागितलंच नव्हतं.

"इचार करा लागन," ते म्हणाले. "उद्या बोलू."

आणि मग जे सुरू झालं ते विचारू नका. सकाळी नत्थुजीनं पुकारा करायचा, पंतांनी मुजरा करायचा, खैरियत विचारायची. मग नवाबाच्या हत्तीची गोष्ट, मग कोणत्या साली कोणी कोणाला कसं फसवलं त्याची गोष्ट. दुपारी झोप. संध्याकाळी मुद्द्याचं बोलणं, तेही मुंगीच्या पावलांनी. "कार्तिकी पुनव?" "नाही सरकार." "बरं, पुनवेनंतर दोन दिस?" "आपल्या इतमामाला शोभेल असं द्यावं." पंत ब्राह्मण, त्यांचा शिधा वेगळा यायचा आणि ते मागच्या पडवीत स्वतः रांधायचे. शिध्यातल्या तुपावरून वकिलाचा दर्जा कळतो, असं त्यांचं मत होतं. पहिल्या दिवशी तूप वाटीत आलं, दुसऱ्या दिवशी तांब्यात आलं. पंत चुलीपुढं बसून एकटेच हसले.

राग येतो हो या दोघांचा! माझ्या तर जिभेवर येतं काहीबाही. पण खरं सांगायचं तर दयाही येते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तशातली गत. ज्या जगात त्यांना मान होता ते जग बुडालं होतं आणि त्या ओसरीवर चार घटका ते पुन्हा वर आलं होतं. कुणाला सोडवेल?

शिधा घेऊन वच्छला आली. डोक्यावरून पदर, हातात परात, आणि डोळे नुसते माहेराकडं लागलेले. पंतांनी तिला परकर नेसून ओसरीवर सागरगोटे खेळताना पाहिलं होतं.

"काका, कधी निघाचं?"

"बोलणं चाललं आहे, पोरी. तुझ्यासाठी दिवस मागतोय. चंपाषष्ठीपर्यंत!"

तिचा चेहरा खुलला. मग एकाएकी खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, माय बरी हाये ना?"

पंत तांदूळ निवडत होते, ते निवडतच राहिले. "आईनं सांगितलंय, दिवाळीला ये. हसत ये."

खोटं नाही बोलले. वकील खोटं बोलत नाही, विचारलेल्याच्या शेजारचं उत्तर देतो. पोरीनं ते खरं धरलं आणि तिचा बांध फुटला. "मले इथं काही कमी नाही, काका. सासू आखडू हाये, पन मनाची चांगली हाये. खाणंपिणं हाये. पन रातच्याले निजताना माय पाठीवर हात फिरवत होती ना, ते नाही. तीन साल झाले, माह्या पाठीवर कोनाचा हात नाही फिरला. कधी कधी मी भिताडाले पाठ लावून निजतो. येड्यावानी वाटते, पन निजतो." आणि आपलं आपल्यालाच हसून ती उठून गेली.

पंतांचा जीव गलबलला. आईची धाप त्यांना आठवली. "लवकर" हा शब्दही आठवला. त्या संध्याकाळी ते ठरवून उठले, की जाऊन म्हणायचं, सरकार, तुळशीचं लग्न तर तुळशीचं लग्न, आम्ही निघतो. शाल घेतली, ओसरीशी आले. तेवढ्यात नत्थुजीनं काठी आपटून खणखणीत पुकारा केला, "अमरावतीकर वकील मोरोपंत!" आणि काय सांगावं, म्हाताऱ्याची छाती आपोआप फुगली. ते गादीवर बसले आणि बोलले ते चंपाषष्ठीचंच बोलले.

वसुबारसेच्या संध्याकाळी चंद्रभानजींनी हार मानली. "जिंकले तुमी. चंपाषष्ठी!"

पंतांना आभाळ ठेंगणं झालं. आता फक्त निरोपाचे विडे. वकील निघताना यजमान त्याच्या हातात विडा देतो, तोवर वकिलानं उठायचं नसतं. ही दरबाराची रीत पंत कशी मोडणार? आणि चंद्रभानजी तो विडा कसा देणार? विडा दिला की पाहुणा जाणार, नत्थुजी कापसात जाणार आणि आपण पुन्हा रस्त्यावरच्या गाड्या बघत बसणार. "आज बारस हाये, उद्या देऊ," म्हणाले. दुसऱ्या दिवशी धनतेरस होती, तर "पानं चांगली नाही भेटली," म्हणाले. पंत आपले बसून. बोचकं बांधून वच्छला माजघरात बसून. बैल दाव्याला उभे.

शेवटी सासूबाईंचं टाळकं सरकलं. कौसल्याबाई आयुष्यात पहिल्यांदा ओसरीवर आल्या, व्याह्याच्या माणसासमोर आल्या, आणि कडाडल्या, "तुमच्या इड्यापायी पोर अर्धी झाली! तीन दिस झाले, तिच्या पोटात अन्न नाही. काय खेळ लावला दोन म्हाताऱ्यायनं? हे घ्या इडे, आन निघा!" आणि पानाचं तबकच त्यांनी पंतांच्या पुढ्यात आदळलं.

विडे मिळाले. गाडी निघाली.

वाटभर वच्छला बोलत होती. तिला किती बोलायचं होतं! आईजवळ निजायचं. विहिरीवरच्या मैत्रिणींना भेटायचं. आईच्या हातची ज्वारीची भाकर आणि ठेचा खायचा, सासरच्या ठेच्याला तशी चव नाही. आईचे केस धुऊन द्यायचे. अंबामातेच्या देवळात आईला हाताला धरून न्यायचं. "महिना हाये ना, काका! सावकाश करीन सगळं," असं म्हणायची आणि लगेच गाडीवानाला म्हणायची, "भाऊ, जरा हाका ना बैल!" पंत हूं हूं करत होते. पूर्णेच्या पात्रात बैल पाणी प्यायला थांबले, तेव्हा हा शांत माणूस गाडीवानावर उगाच खेकसला.

अमरावतीत शिरले तेव्हा लक्ष्मीपूजनाची सांज झाली होती. घराघरापुढं पणत्या. कापसानं घरं भरली होती, त्या साली लोकांनी पणत्याही हात सैल सोडून लावल्या होत्या. देशमुखांच्या दारात एकही नव्हती. वच्छलेनं गाडी थांबायच्या आत खाली उडी टाकली.

दारात दुर्गाबाई बसली होती, घरातली जुनी कामकरीण. तिनं वच्छलेला पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"माय कुठं हाये?"

"गेल्या व बाई. काल पाहाटे गेल्या. तुह्या वाटेकडं डोये लावून होत्या. गाडी वाजली की म्हनत, पाह्य व, वच्छला आली."

पोर रडली नाही. तशीच माजघरात गेली. खाट उचलली होती. जिथं खाट असायची तिथं जमिनीवर पीठ पसरून एक दिवा ठेवला होता. त्या दिव्याशेजारी ती गुडघ्यात डोकं घालून बसली, आणि मग जी रडली ती ऐकून रस्त्यावरची माणसं थांबली. पंत ओसरीच्या पायरीवर उभे होते. आत जायला पाय उचलेना आणि बाहेर जायलाही उचलेना.

दहावं झालं, तेरावं झालं. महादेवराव ढसाढसा रडले, सगळं रीतसर केलं, आणि चौदाव्या दिवशी बाजारात गेले. वच्छला पंतांशी बोलली नाही. पंत ओसरीच्या कोपऱ्यात बसून राहायचे, जेवायचे नाहीत धड. तुळशीची लग्नं लागली. त्या संध्याकाळी ती बाहेर आली आणि खांबाला टेकून बसली.

"काका, माय आजारी होती, हे तुमाले मालूम होतं?"

"होतं," पंत म्हणाले.

"तिनंच सांगू नका म्हटलं असन."

"हो. पण लवकर ये असंही म्हणाली होती. तेवढं मी ऐकलं नाही. पोरी, तुझे सासरे पहिल्याच संध्याकाळी..."

"हो म्हनले होते. मी दाराआड होती, काका. सगळं ऐकलं म्या."

"मग तू बोलली का नाहीस? सासूबाईंना सांगायचं, मला सांगायचं!"

"सांगनार होती." ती अंगणातल्या तुळशीकडं बघत होती. "बोचकं बांधलं आन उठली. तेवढ्यात तुमी चंपाषष्ठी मागितली. मले कसं झालं म्हनून सांगू! म्हटलं, भेटू दे. आठ-दहा दिसात माह्यं पोट नाही भरत. चार दिस थांबू, पन महिना भेटन, महिनाभर मायजवळ निजीन. मलेही लालच सुटली, काका. तुमी एकटेच नाही."

हे ऐकलं आणि मोरोपंत रडले. दरबारात कधी ज्यांचा डोळा ओला झाला नव्हता, ते तोंडावर शाल घेऊन लहान पोरासारखे हुंदके देत होते. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. अर्धा गुन्हा तिनं आपल्या पदरात घेतला, ते सोसेना.

"आता या दिवसायचं काय करू मी?" वच्छला म्हणाली. "एवढे मागून घेतले तुमी. सगळे तसेच पडले हायेत."

"उद्या सकाळी गाडी जुंपतो. नेऊन पोचवतो तुला," पंत कसेबसे म्हणाले.

"नको. राहीन मी. तिच्यापायी मागितले होते, तिच्याच घरी काढीन."

तशी ती राहिली. आईची लुगडी उन्हात घातली, पेटी आवरली, दुर्गाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून दुपारी पडून राहिली. पंत रोज माजघराच्या दाराशी येऊन बसत आणि तिला आईच्या गोष्टी सांगत. नवी नवरी होऊन गोदाबाई आल्या तेव्हा कशा लाजत होत्या, वच्छलेच्या वेळी त्यांना कशाचे डोहाळे लागले होते. कुणी सांगायला पाठवलं नव्हतं, आणि भाषण घोकलेलं नव्हतं. बोलता बोलता पंतच अडखळत. पोर ऐकत राही. संध्याकाळ झाली की मात्र तिच्यानं घरात बसवत नसे, ती अंगणात येरझारा घाली.

चंपाषष्ठीला रामराव स्वतः न्यायला आला. खामगावहून आल्यावर त्याला सगळं कळलं होतं. भला माणूस, गाडीत गवत पसरून त्यावर गोधडी घालून आला होता. वच्छलेनं चुलत्याला नमस्कार केला. महादेवराव म्हणाले, "येत जा बाई, तुहंच घर हाये," आणि बाजारची वेळ झाली म्हणून निघून गेले. मग ती पंतांच्या पाया पडली आणि उठून उभी राहिली, पण गाडीकडं वळली नाही.

"काका, पुढच्या दिवाळीले मुराळी कोन येईन?"

पंतांनी ओसरीकडं पाहिलं, माजघराच्या बंद दाराकडं पाहिलं. "मी येईन," म्हणाले.

"कोनाकून? मामंजी इचारतीन ना, कोनी धाडलं म्हनून."

धनी गेला, धनीण गेली. आता पंत वकील नव्हते, मुखत्यार नव्हते, साधे हरकारेसुद्धा नव्हते.

"कुणाकडूनही नाही, पोरी," ते म्हणाले. "मला तुला भेटावंसं वाटलं, म्हणून येईन."

"मंग नाही धाडनार ते," वच्छला म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. तिला माहीत होतं आणि पंतांनाही माहीत होतं, की ज्याला कुणी पाठवलेलं नाही अशा माणसाबरोबर देशमुखांच्या घरची सून निघत नसते.

ती गाडीत बसली. बैल चालायला लागले, तेव्हा तिनं मागच्या बाजूनं डोकं बाहेर काढलं.

"नाही धाडनार," ती ओरडून म्हणाली. "तरी येजा, काका."